नारायण वामन टिळक

रेव्हरंड नारायण वामन टिळक (जन्म : करजगाव, रत्नागिरी जिल्हा, ६ डिसेंबर १८६१, मृत्यू : मुंबई, ९ मे १९१९) हे मराठी कवी, संपादक आणि ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. निसर्गावरील आणि मुलांसाठी लिहिलेल्या कवितांमुळे ते फुलामुलांचे कवी म्हणून ओळखले जातात. धर्माने ख्रिस्ती झाल्यावरही भाषा, संगीत व संस्कार यांनी महाराष्ट्रीयच राहायचे, हा त्यांच्या उत्तरायुष्याचा आग्रह होता.

बालपण आणि शिक्षण

टिळकांचा जन्म चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. १८६८ ते १८७३ या काळात त्यांचे प्राथमिक शिक्षण कल्याण येथे झाले. आज जेथे उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही शहरे आहेत, तो परिसर त्या काळी कल्याण तालुक्यातच मोडत असे. आईच्या निधनानंतर त्यांनी घर सोडून नाशिक गाठले व गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत काव्याचे अध्ययन केले. १८८० साली जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून प्रसिद्धीस आल्या.

धर्मांतर

नागपूर येथे आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने टिळकांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले. पुढे राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना बायबलमधील नव्या कराराची प्रत दिली. तिच्यातील गिरिप्रवचनाचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाची किंमत मोठी होती. आप्तस्वकीय दुरावले आणि लक्ष्मीबाई लहान मुलासह माहेरच्या माणसांकडे राहिल्या. सुमारे साडेचार वर्षांच्या ताटातुटीनंतर पतिपत्नी एकत्र आली, तेव्हा लक्ष्मीबाई सोवळेओवळे पाळत होत्या. टिळकांनी त्यांच्यावर धर्माची सक्ती केली नाही; त्यांच्या स्वतंत्र स्वयंपाकाची व पाण्याची सोय होऊ दिली. जातिभेदाविषयीचे लक्ष्मीबाईंचे मत हळूहळू पालटले आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

साहित्य आणि सार्वजनिक जीवन

टिळक अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत होते. १९०४ साली त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून अखेरपर्यंत त्यांनी 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी विभागाचे संपादन केले. मराठी चर्चमध्ये तोवर भाषांतरित गीतांचा भरणा होता. टिळकांनी अभंग, भजन व कीर्तन या वारकऱ्यांच्या परिचयाच्या माध्यमांतून ख्रिस्तभक्ती मांडली. ज्ञानेश्वर-तुकारामांचे ऋण ते उघडपणे मान्य करीत. त्यांची शेकडो भजने आजही मराठी चर्चमध्ये गायिली जातात. 'अभंगांजली' हा त्यांचा संग्रह प्रसिद्ध आहे. 'ख्रिस्तायन' या महाकाव्याचे सुमारे अकरा अध्याय त्यांनी रचले. त्यांच्या पश्चात लक्ष्मीबाईंनी व शेवटी पुत्र देवदत्त यांनी ते पूर्ण केले.

'केवढे हे क्रौर्य', 'वनवासी फूल' यांसारख्या कविता सर्वधर्मीय वाचकांनी आपल्या मानल्या. बालकवी ठोमरे हे काही काळ अहमदनगरला टिळकांच्या घरी राहिले. घरातील मुलाप्रमाणे वावरताना त्यांच्यासमोर धर्मांतराची अट नव्हती. १९१५ साली टिळक नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले. अशा प्रकारे ख्रिस्ती ही ओळख न लपवता त्यांनी समकालीन मराठी वाङ्मयविश्वात मानाचे स्थान मिळवले.

अखेरची वर्षे

परकीय मिशनच्या पैशावर व नियंत्रणाखाली चाललेल्या चर्चमुळे ख्रिस्ती माणूस आपल्याच समाजाला परका होतो, असे टिळकांचे मत बनले होते. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' हा बंधुसंघ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त यांना त्यात सारखाच प्रवेश होता. ही कल्पना पुरती रुजण्यापूर्वीच त्यांचे मुंबईत निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देहाचे दफन न करता दहन करण्यात आले. ख्रिस्ती समाजात त्या काळी ही गोष्ट असामान्य होती. त्यांच्या अस्थी अहमदनगरला पुरण्यात आल्या.

टिळकांच्या संसाराचे व धर्मांतरकाळाचे चित्रण लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात आहे.