फ्रेडरिक डग्लस

फ्रेडरिक डग्लस (फेब्रुवारी १८१८ – २० फेब्रुवारी १८९५) हे अमेरिकेतील गुलामगिरीविरोधी चळवळीचे नेते, वक्ते, लेखक व पत्रकार होते. गुलामगिरीत जन्मलेल्या डग्लस यांनी कृष्णवर्णीयांच्या मुक्तीबरोबरच स्त्रियांच्या मताधिकाराचा आणि चिनी स्थलांतरितांच्या नागरी हक्कांचाही पुरस्कार केला.

बालपण व शिक्षण

डग्लस यांचा जन्म मेरीलँड राज्यातील टॅलबट परगण्यात झाला. त्यांचे मूळ नाव फ्रेडरिक ऑगस्टस वॉशिंग्टन बेली. त्यांची आई हॅरिएट बेली दूरच्या शेतावर राबत असल्याने आजी बेट्सी यांनी त्यांचा सांभाळ केला. पुढे त्यांना बाल्टिमोर येथे ह्यू ऑल्ड यांच्या घरी कामाला धाडण्यात आले. ऑल्ड यांच्या पत्नी सोफिया यांनी त्यांना मुळाक्षरे शिकवली. परंतु शिकलेला गुलाम मालकाच्या ताब्यात राहत नाही, असे म्हणून पतीने हे शिक्षण थांबवले. त्यानंतर रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या मुलांना पाव देऊन त्यांनी वाचन शिकून घेतले. याच काळात बंदरावर दगड उतरवणाऱ्या दोन आयरिश मजुरांना त्यांनी आपणहून मदत केली. हा मुलगा जन्मभराचा गुलाम आहे हे कळताच त्या मजुरांनी त्याला उत्तरेकडे पळून जाण्याचा सल्ला दिला.

तारुण्यात ते जहाजांच्या फळ्यांमधील फटी बुजवण्याचे काम शिकले. १८३६ मध्ये जहाजबांधणीच्या एका कारखान्यात गोऱ्या उमेदवारांनी त्यांना बेदम मारहाण केली. मारहाण अनेकांच्या डोळ्यांदेखत झाली. मात्र गोऱ्या व्यक्तीविरुद्ध कृष्णवर्णीयाची साक्ष कायद्याने ग्राह्य नव्हती आणि एकही गोरा साक्षीदार पुढे आला नाही. त्यामुळे खटला उभाच राहू शकला नाही.

मुक्ती व चळवळ

३ सप्टेंबर १८३८ रोजी खलाशाचा वेश व दुसऱ्याची कागदपत्रे यांच्या साहाय्याने ते उत्तरेकडे निसटले. बाल्टिमोरमधील स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्री ॲना मरे यांच्याशी विवाह करून ते मॅसॅच्युसेट्समधील न्यू बेडफर्ड येथे स्थायिक झाले. १८४१ पासून ते गुलामगिरीविरोधी सभांतून बोलू लागले. १८४५ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्यामुळे त्यांची ओळख उघड होऊन पुन्हा पकडले जाण्याचा धोका निर्माण झाला, म्हणून ते आयर्लंड व ब्रिटनच्या दौऱ्यावर गेले. डब्लिन येथे आयरिश नेते डॅनियल ओकॉनेल यांच्याशी त्यांची भेट झाली. १८४६ मध्ये ब्रिटिश मित्रांनी निधी जमवून त्यांचे स्वातंत्र्य विकत घेतले.

मायदेशी परतल्यावर १८४७ मध्ये त्यांनी रॉचेस्टर येथून ‘नॉर्थ स्टार’ हे वृत्तपत्र सुरू केले. १८४८ च्या सेनेका फॉल्स येथील स्त्री हक्क परिषदेत त्यांनी मताधिकाराच्या ठरावाला पाठिंबा दिला. यादवी युद्धात त्यांनी कृष्णवर्णीय सैनिकांच्या भरतीसाठी प्रचार केला. त्यांचे दोन पुत्रही सैन्यात दाखल झाले.

स्थलांतरितांच्या हक्कांचा पुरस्कार

अमेरिकेत येणारे गरीब आयरिश स्थलांतरित आणि कृष्णवर्णीय कामगार यांच्यात रोजगारासाठी तीव्र स्पर्धा होती. १८६३ च्या न्यूयॉर्कमधील सक्तीच्या लष्करभरतीविरोधी दंगलीत अनेक कृष्णवर्णीय मारले गेले. दंगलखोरांत आयरिशांचा मोठा भरणा होता. गुलामगिरी संपल्यावर दक्षिणेतील मळेवाल्यांनी कृष्णवर्णीयांच्या जागी चिनी मजूर आणण्याच्या योजना आखल्या. अशा स्थितीत नव्याने येणाऱ्यांना विरोध करणे कृष्णवर्णीय नेत्याला राजकीयदृष्ट्या सोयीचे ठरले असते.

डग्लस यांनी उलट भूमिका घेतली. डिसेंबर १८६९ मध्ये बोस्टन येथील भाषणात त्यांनी स्थलांतर हा कोणत्याही एका वंशाचा नव्हे, तर मनुष्यमात्राचा हक्क असल्याचे मांडले. चिनी लोकांना नागरिकत्व, मताधिकार व अधिकारपदे मिळावीत, अशी मागणी त्यांनी केली. कॅलिफोर्नियाने चिनी लोकांना न्यायाची दारे बंद केल्याबद्दल त्यांनी टीका केली. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८५४ मध्येच गोऱ्या व्यक्तीविरुद्ध चिनी व्यक्तीची साक्ष अग्राह्य ठरवली होती. बाल्टिमोरमध्ये डग्लस यांना न्याय नाकारणारा नियम येथे दुसऱ्या समाजाला लागू झाला होता. मजुरांना फसवून परदेशी नेणाऱ्या कुली व्यापाराला मात्र त्यांचा विरोध होता. मूळ अमेरिकी रहिवाशांविषयीच्या त्यांच्या काही विधानांत तत्कालीन पूर्वग्रह आढळतात.

त्यांची मागणी मान्य झाली नाही. १८७० च्या कायद्याने आफ्रिकी वंशाच्या स्थलांतरितांना नागरिकत्वाची वाट खुली केली; ‘गोरा’ हा शब्दच वगळण्याचा सिनेटर चार्ल्स समनर यांचा प्रयत्न अयशस्वी ठरून आशियाई लोक बाहेर राहिले. १८८२ मध्ये चिनी मजुरांच्या प्रवेशावर कायद्याने बंदी आली. हे बंदीचे धोरण १९४३ मध्ये रद्द झाले.

उत्तरायुष्य व वारसा

डग्लस यांनी वॉशिंग्टन येथे मार्शल व दस्तनोंदणी अधिकारी म्हणून काम केले. १८८९ ते १८९१ या काळात ते हैतीमध्ये अमेरिकेचे राजनैतिक प्रतिनिधी होते. ॲना यांच्या निधनानंतर १८८४ मध्ये त्यांनी हेलन पिट्स या गोऱ्या स्त्रीशी विवाह केला. त्यावर दोन्ही समाजांतून टीका झाली. २० फेब्रुवारी १८९५ रोजी महिला परिषदेच्या सभेहून घरी परतल्यावर त्यांचे निधन झाले. वॉशिंग्टनमधील ‘सीडर हिल’ हे त्यांचे निवासस्थान राष्ट्रीय स्मारक म्हणून जतन केले आहे.

ज्या गुलामगिरीविरोधी लढ्यात डग्लस अग्रभागी होते, त्याचे पडसाद महाराष्ट्रातही उमटले. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला.