उद्योगवीर लक्ष्मणराव किर्लोस्कर

कोणतेही नवे कार्य हाती घेताना मनुष्याच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो हा की, हे आपणांस साधेल काय? आमच्या हैदराबादेतील मराठी घरांतून आज कोणी फराळाचे जिन्नस, कोणी गोधड्या, कोणी शिवलेले कपडे घरबसल्या ऑनलाइन विकू पाहतात. माल तयार असतो, छायाचित्रे काढून झालेली असतात, भावही ठरलेले असतात; परंतु दुकान उघडण्याचा दिवस मात्र उद्यावर ढकलला जातो. लोक हसतील, माल पडून राहील, आपण काही व्यापारी घराण्यातले नव्हे, अशा शंका मनास घेरतात आणि महिन्यांमागून महिने निघून जातात. अशा वेळी उपदेशाच्या चार शब्दांपेक्षा एखादे खरेखुरे चरित्र अधिक उपयोगी पडते. म्हणूनच ज्यांनी केलेले नांगर प्रथम कोणी विकत घेईना, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र यंदा वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटले.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे व्यासंगी होते. घरात ग्रंथांचे वातावरण होते. यंत्राचा, भट्टीचा किंवा दुकानाचा वारसा तेथे नव्हता. लहानग्या लक्ष्मणाचे मन मात्र पाठांतरापेक्षा चित्रे काढण्यात आणि यंत्रे न्याहाळण्यात अधिक रमे. आपण चित्रकार व्हावे असे त्याच्या मनाने घेतले. वडिलांस हे पसंत नव्हते. तथापि वडीलबंधू रामचंद्रराव ऊर्फ रामूअण्णा पाठीशी उभे राहिले. त्यांच्या साहाय्याच्या बळावर १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईस गेले आणि जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

दोन वर्षे अभ्यास झाल्यावर एक दारुण गोष्ट उघडकीस आली. त्यांच्या डोळ्यांस काही रंगांतील भेद नीट कळत नसे! हा दोष बहुधा जन्मजात असतो आणि त्यावर औषध नाही. ज्याने रंगांच्या जगातच आयुष्य घालविण्याचे ठरविले, घरच्यांचा विरोध सोसून जो दूर शहरी आला, त्यास हे समजल्यावर काय वाटले असेल याची वाचकांनीच कल्पना करावी. येथे एक गोष्ट आम्ही मुद्दाम सांगू इच्छितो. स्वतःविषयीची प्रत्येक शंका खोटीच असते असे नाही. रंगांच्या बाबतीत लक्ष्मणरावांचे डोळे खरोखरच उणे होते, आणि कितीही धीर धरला तरी ते उणेपण जाणार नव्हते.

परंतु जे गेले त्याचाच हिशेब मांडीत ते बसले नाहीत. हाती काय उरले ते त्यांनी पाहिले. रंग गेले होते, रेषा शाबूत होती. यंत्रांची रेखाकृती काढावयास रंग लागत नाहीत. तेथे हवी असते अचूक नजर, मापाचा काटेकोरपणा आणि स्थिर हात. त्यांनी रंगचित्रकला सोडली आणि यांत्रिक रेखांकनाचा अभ्यास पुरा केला. पुढे त्याच विद्येच्या आधारे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांस शिक्षकाची जागा मिळाली. जी यंत्रे कागदावर काढावयाची ती प्रत्यक्ष चालताना पाहण्याची, खोलण्याची व जोडण्याची संधी त्यांनी तेथे साधली. ते जितके शिकवीत, तितकेच शिकतही होते.

त्या सुमारास युरोपात दोन सारख्या चाकांची सायकल नव्यानेच प्रचारात आली होती. हवा भरलेली रबरी धाव १८८८ मध्ये निघाली आणि या वाहनाचे रूपच पालटले. त्याच १८८८ साली किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलींचे एक लहानसे दुकान थाटले. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली घेऊन पाठवाव्यात आणि रामूअण्णांनी बेळगावात दुकान सांभाळावे, अशी कामाची वाटणी होती. पुढे जगभर गाजलेल्या नावाचा आरंभ सायकली विकण्यात आणि दुरुस्त करण्यात झाला, हे आज कित्येकांस ठाऊकही नसेल. ज्या रस्त्यावर ते दुकान होते, तो बेळगावात किर्लोस्कर रोड म्हणून ओळखला जातो.

नोकरी चालू असतानाच हा उद्योग सुरू झाला, हे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. एका उडीत समुद्र ओलांडण्याचा हा प्रकार नव्हता. जे नुकसान झाले तर सोसता येईल, एवढेच पाऊल दोघा भावांनी प्रथम उचलले. भाव कसा ठरवावा, गिऱ्हाइकाशी कसे बोलावे, दूरवरून माल कसा मागवावा, हे सारे ते त्या लहानशा दुकानात शिकले. पुढे संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांस डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. स्वाभिमानी मनास हा अन्याय सहन झाला नाही. त्यांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावास परतले. नोकरीचे दार मागे बंद झाले. परंतु दुसरे दार त्यांनी आधीच आपल्या हातांनी उघडून ठेवले होते!

बेळगावास त्यांनी शेतीची अवजारे करण्यास आरंभ केला. जनावरांसाठी कडबा कापण्याची यंत्रे झाली आणि १९०३ मध्ये त्यांचा पहिला लोखंडी नांगर तयार झाला. याचे महत्त्व समजण्यासाठी जुना नांगर कसा चाले ते पाहिले पाहिजे. लाकडी नांगराचा लोखंडी फाळ जमिनीत रेघ ओढतो. माती फुटते, परंतु उलटत नाही. लोखंडी नांगरास फाळाच्या वर वळणदार पत्रा असतो. त्यावरून चढत जाणारे ढेकूळ पुरते पालथे पडते. तण मुळांसकट उपटले जाते आणि खालची माती उन्हात येते. दख्खनच्या काळ्या, चिकट जमिनीत, जेथे हराळी आणि कुंदा शेतकऱ्याचा जीव घेतात, तेथे या नांगराचे मोल फार होते. निजामाच्या राज्यातील मराठवाड्याची जमीनही याच जातीची.

नांगर तयार झाले खरे. पण ते घेईना कोणी! लोखंड जमिनीत घातले की जमिनीस विष चढते आणि पुढे ती पिकत नाही, असा समज शेतकऱ्यांत पसरलेला होता. पहिला नांगर विकला जाण्यास जवळजवळ दोन वर्षे लागली. दोन वर्षे! भांडवल लोखंडात अडकलेले, कारागिरांचे पगार डोक्यावर आणि कारखान्यात न विकलेल्या नांगरांची रांग. आपले यंत्रच चुकले की काय, ही शंका अशा वेळी कोणाच्या मनात येणार नाही? तरी लक्ष्मणरावांनी नांगर सोडला नाही.

आम्हांस वाटते, येथे शेतकऱ्यास अडाणी म्हणून हसणे योग्य होणार नाही. ज्याचे वर्षाचे अन्न एका जमिनीवर अवलंबून आहे, त्याने अनोळखी वस्तू त्या जमिनीत घालण्यास कचरावे यात नवल ते काय? घेणाऱ्याची शंका म्हणजे विकणाऱ्याचा अपमान नव्हे. ती शंका शब्दांनी नव्हे, शेतात चालणाऱ्या नांगरानेच फिटावयाची होती, आणि तशी ती फिटली. एकाच्या शेतात माती उलटलेली दिसली, पीक नेहमीसारखे उभे राहिले, की शेजारचा शेतकरी बांधावरून पाहतोच. हळूहळू नांगरास मागणी येऊ लागली.

थोडे स्थैर्य येते न येते तोच बेळगावच्या नगरपालिकेच्या निर्बंधांमुळे कारखाना तेथून हलविणे भाग पडले. ज्या गावात नाव कमावले ते गाव सोडण्याचे दुःख लक्ष्मणरावांस फार झाले. अशा संकटसमयी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. ते स्वतः चित्रकार होते आणि सूर्यनमस्कारांचे प्रचारक म्हणून विख्यात झाले. त्यांनी आपल्या संस्थानातील कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जमीन देऊ केली आणि बिनव्याजी कर्जही दिले. जमीन कसली, ते निवडुंगाचे रान होते! नागसापांचा तेथे सुळसुळाट होता. १० मार्च १९१० रोजी लक्ष्मणराव सुमारे २५ कामगार व त्यांची कुटुंबे यांच्यासह तेथे येऊन राहिले. निवडुंग तोडला गेला, छपरे उभी राहिली, भट्टी पेटली आणि किर्लोस्करवाडी वसली.

याच काळात, १९०७ मध्ये, आमच्या हैदराबादेत केशवराव कोरटकर, वामन नाईक आदी मंडळींनी विवेकवर्धिनी संस्थेचा पाया घातला होता. एकीकडे परभाषेच्या राज्यात मातृभाषेचे शिक्षण, दुसरीकडे ओसाड माळावर लोखंडाचा कारखाना! कार्ये निराळी, परंतु सारे अनुकूल होईपर्यंत थांबावयाचे नाही, ही वृत्ती एकच.

लक्ष्मणरावांचे सहकारी पाहिले म्हणजे विद्यार्थ्यांस विशेष धीर यावा. शंभूराव जांभेकर आणि अनंतराव फळणीकर यांचे शालेय शिक्षण अपुरे राहिले होते. तेच येथे कुशल यंत्रज्ञ झाले. के. के. कुलकर्णी परीक्षांत यशस्वी ठरले नव्हते. त्यांनी व्यवस्थापनाचा भार उचलला. मंगेशराव रेगे यांनी हिशेब सांभाळले, तर रामूअण्णांनी वसाहतीची आखणी केली. गुन्ह्यांबद्दल शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर लक्ष्मणरावांनी रात्रीच्या पहाऱ्याचे काम सोपविले आणि तो विश्वास सार्थ ठरला. वसाहतीत त्यांनी अस्पृश्यतेस थारा दिला नाही. ज्यास एकदा स्वतःच्या उणेपणातून वाट काढावी लागली, त्यास दुसऱ्याचे उणेपण हा अडथळा वाटला नसावा.

पुढील हकीकत थोडक्यात सांगता येईल. पहिल्या महायुद्धात कोळसा व लोखंड मिळणे कठीण झाले, तरी कारखाना तगला. नांगरांबरोबर उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे, पंप आणि तेलावर चालणारी इंजिने तयार होऊ लागली. कारखान्याचा माल आणि विचार दूरच्या गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचविण्यासाठी १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांच्या संपादकत्वाखाली 'किर्लोस्कर खबर' हे मासिक सुरू झाले. ज्या गिऱ्हाइकाचे तोंडही पाहिलेले नाही, त्याच्याशी टपालाने नाते जोडण्याचा तो उद्योग होता. आज तेच काम हातातील फोनवर होते. साधन पालटले, नात्याचे मर्म तेच राहिले. पुत्र शंतनुराव अमेरिकेत यंत्रविद्या शिकून १९२६ मध्ये परतले आणि त्यांनी हा व्याप कितीतरी वाढविला.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे देहावसान झाले. पुढे अवघ्या पाच आठवड्यांत हैदराबाद राज्याचे विभाजन होऊन मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आमच्यासारखी मराठी कुटुंबे या शहरात राहिली. १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले.

लक्ष्मणरावांस शंका आल्याच नसतील, असे आम्ही म्हणत नाही. डोळ्यांनी दगा दिला, बढती हुकली, गाव सुटले, नांगर पडून राहिले. शंकेस कारणे भरपूर होती. परंतु शंका पुरती फिटल्यावर काम आरंभू, असा नेम त्यांनी केला नाही. काम आरंभले, आणि जी फिटावयाची ती शंका कामातच फिटली. आमच्या वाचकांपैकी ज्यांचा माल घरात बांधून तयार आहे, त्यांनी न विकलेल्या नांगरांची ती दोन वर्षे आठवावीत आणि पहिले गिऱ्हाईक येईपर्यंत दुकान उघडे ठेवावे. पण त्यासाठी दुकान आधी उघडले पाहिजे.