रेडिओची शिट्टी थांबविणारा प्राध्यापक

१९२० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत घरोघरी शिरलेला रेडिओ गाण्यांइतक्याच शिट्ट्याही वाजवीत असे. केंद्र जुळविताना संच अचानक किंचाळू लागे, आणि त्यातून निघालेल्या लहरी शेजाऱ्याच्या संचात घुसत. एकाच्या खटपटीचा ताप साऱ्या गल्लीला होई. हा आवाज बंद करण्याचे श्रेय ज्यांना जाते, त्या लुई ॲलन हेझलटाईन यांचा जन्म ७ ऑगस्ट १८८६ रोजी न्यू जर्सीतील मॉरिसटाऊन येथे झाला.

होबोकन येथील स्टीव्हन्स तंत्रसंस्थेतून १९०६ मध्ये पदवी घेऊन त्यांनी काही काळ जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरी केली. पण ते रमले अध्यापनातच. त्यांचा पिंड गणितज्ञाचा. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी नौदलासाठी त्यांनी एसई-१४२० हा ग्राहक संच तयार केला. हाताने चाचपडत जुळणी करण्यापेक्षा आधी कागदावर आकडेमोड, ही त्यांची रीत होती.

शिट्टीचे मूळ व्हॉल्व्हमध्येच होते. त्यातील ग्रिड आणि प्लेट समोरासमोर असल्याने नकळत एक छोटा कंडेन्सर तयार होतो. वाढविलेल्या संकेताचा अंश त्यातून मागे झिरपतो, पुन्हा वाढतो, पुन्हा मागे जातो. अखेर प्रवर्धक स्वतःच आंदोलने निर्माण करू लागतो. हेझलटाईन यांनी ही गळती बुजविण्याच्या भानगडीत न पडता तितकाच, पण उलट दिशेचा संकेत दुसऱ्या छोट्या कंडेन्सरमधून ग्रिडकडे पाठविला. दोन्ही एकमेकांना छेद देत. वेटोळ्यांचे चुंबकीय क्षेत्रही एकमेकांत मिसळू नये म्हणून ती सुमारे ५५ अंशांच्या कोनात तिरपी बसविली. मार्च १९२३ मध्ये रेडिओ क्लब ऑफ अमेरिकेपुढे त्यांनी मांडलेली ही रचना ‘न्यूट्रोडाइन’ नावाने गाजली.

तिचा व्यापारी परिणामही मोठा होता. एडविन आर्मस्ट्राँग यांच्या पुनर्भरण मंडलाचे पेटंट बड्या कंपन्यांच्या हाती असल्याने छोट्या उत्पादकांची कोंडी झाली होती. न्यूट्रोडाइनने त्यांना वाट मोकळी केली. फाडा, फ्रीड-आइसमन यांसारख्यांनी असे संच बाजारात आणले; १९२४ मध्ये पेटंट सांभाळण्यासाठी हेझलटाईन कॉर्पोरेशन उभी राहिली. मात्र राईस आणि हार्टली यांच्या आधीच्या पेटंटांवरून दावे झाले, आणि न्यायालयाचा कौल न्यूट्रोडाइनच्या विरोधात गेला. कल्पनेची स्वतंत्र वाटचाल आणि पेटंटची तारीख यांचे जमतेच असे नाही.

त्याच दशकाच्या अखेरीस जाळीचा आडपडदा असलेले स्क्रीन-ग्रिड व्हॉल्व्ह आले आणि घरगुती संचात न्यूट्रोडाइनची गरज उरली नाही. हौशी रेडिओवाल्यांच्या प्रक्षेपकांत मात्र हे तंत्र टिकून राहिले. तेथे आणखी एक उपद्रव असतो: मुख्य वारंवारिता नीट शमविली तरी प्लेटकडे जाणारी साधी तारच व्हीएचएफवर वेटोळ्यासारखी वागते आणि तेथे वेगळीच आंदोलने सुरू होतात. त्यावर रोधकाभोवती तारेचे तीन-चार वेढे देऊन तो प्लेटच्या मार्गात जोडतात.

१९३६ मध्ये हेझलटाईन रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेचे अध्यक्ष झाले. २४ मे १९६४ रोजी त्यांचे निधन झाले.