स्वतःचं मॅट्रिक राहिलं, पण खेड्यातल्या पोरांना पदवीपर्यंत नेणारे कर्मवीर भाऊराव पाटील

कॉलेजला ॲडमिशन घेणारी सगळीच मुलं पदवी घेऊन बाहेर पडत नाहीत. कुणी पहिल्या वर्षानंतर दिसत नाही, कुणी दुसऱ्या वर्षी रूमचं भाडं परवडत नाही म्हणून गावी जातं, कुणाच्या घरी वडील आजारी पडतात आणि पोरगं थेट कामाला लागतं. सरकारी भाषेत याला 'गळती' म्हणतात. आज यावर समित्या बसतात, अहवाल येतात.

पण शंभर वर्षांपूर्वी साताऱ्यातल्या एका माणसानं हा प्रश्न ओळखला होता. शाळा काढली की काम संपत नाही, आलेलं पोरगं शेवटपर्यंत टिकलं पाहिजे, हे त्याला कळलं होतं. कारण तो स्वतःच शिक्षण अर्धवट सुटलेला माणूस होता.

तो माणूस म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा. गाव कुंभोज, जिल्हा कोल्हापूर. घर जैन. वडील पायगोंडा पाटील सरकारी नोकरीत होते. पुढच्या शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये आले आणि राहायला जैन बोर्डिंगमध्ये गेले. तेव्हाचं कोल्हापूर म्हणजे राजर्षी शाहू महाराजांचं कोल्हापूर. महाराज जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी करत होते.

१९०८ साली अस्पृश्य समाजातल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झालं. भाऊराव त्या कार्यक्रमाला गेले. परत आल्यावर त्यांना आधी अंघोळ करून शुद्ध व्हायला सांगण्यात आलं. त्यांनी नकार दिला. परिणाम असा झाला, की बोर्डिंगमधून त्यांची हकालपट्टी झाली.

शाहू महाराजांनी त्यांना आसरा दिला, पण अभ्यासाची गाडी काही रुळावर आली नाही. कुस्ती, मैदान आणि मित्र यात भाऊराव जास्त रमायचे. त्या काळातला एक किस्सा साताऱ्या-कोल्हापुरात आजही सांगतात. भाऊरावांना वरच्या वर्गात घ्या, अशी शिफारस खुद्द महाराजांनी केली. त्यावर शिक्षकांनी कळवलं, की तो ज्या बाकावर बसतो तो बाक वरच्या वर्गात पाठवतो, पण त्याला नाही पाठवणार.

किस्सा खरा किती आणि रंगवलेला किती, हा भाग वेगळा. पण इंग्रजी सहावीनंतर भाऊरावांचं शिक्षण थांबलं हे खरं. मॅट्रिकला फक्त एक इयत्ता बाकी होती.

पुढे साताऱ्यात त्यांनी शिकवण्या घेतल्या. लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले. मग त्यांनी किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांचा प्रचार केला. साताऱ्याच्या कूपर कारखान्यातही काम केलं. नांगर विकायचा म्हणजे गावोगाव फिरायचं, शेतकऱ्याच्या ओसरीवर बसायचं. या फिरतीत त्यांना जे दिसलं ते कुठल्याही अहवालात नव्हतं.

पोरं हुशार होती. पण गावात चौथीच्या पुढं शाळा नव्हती. तालुक्याला जायचं तर राहायचं कुठं आणि खायचं काय? फी कुठून आणायची? त्यात जात आडवी यायची. अस्पृश्य मुलाला गावात कुणी खोली देत नव्हतं. शिवाय शेतात राबणारे दोन हात कमी झाले तर घर कसं चालायचं, हा बापाचा प्रश्नही खोटा नव्हता.

म्हणजे मुलं अभ्यास जमत नाही म्हणून शाळा सोडत नव्हती. ती भाकरीमुळे, भाड्यामुळे आणि जातीमुळे सोडत होती.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले गावात सत्यशोधक समाजाच्या परिषदेच्या निमित्तानं भाऊरावांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये संस्था साताऱ्याला आली आणि तिथं वसतिगृह सुरू झालं. आधी शाळा काढून नंतर हॉस्टेलचा विचार करायचा, हा नेहमीचा क्रम. भाऊरावांनी आधी पोरांची राहण्या-जेवणाची सोय केली, कारण बोर्डिंग सुटलं की काय होतं हे त्यांनी स्वतः भोगलं होतं.

या वसतिगृहात मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, सगळ्या जातीधर्मांची मुलं एकत्र राहायची. एकत्र स्वयंपाक करायची आणि एकाच पंगतीत जेवायची. त्या काळी ही गोष्ट साधी नव्हती. १९२७ मध्ये महात्मा गांधी इथं आले आणि त्यांच्या हस्ते वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचं नाव देण्यात आलं.

पण पैशाचं काय? भाऊरावांनी गावागावातून धान्य गोळा केलं. घरटी एक मूठ धान्य, म्हणून त्याला मुष्टिफंड म्हणायचे. ज्याच्याकडे रुपया नाही, त्याच्याकडेही मूठभर ज्वारी असतेच. आणि ज्या घरातून मूठ जाते, त्या घराला ते बोर्डिंग आपलं वाटायला लागतं.

तरीही तूट यायची. ती भरून काढली लक्ष्मीबाईंनी, म्हणजे भाऊरावांच्या पत्नीनं. त्या सोवळंओवळं पाळणाऱ्या घरातून आल्या होत्या. पण बोर्डिंगातल्या सगळ्या जातींच्या पोरांना त्यांनी पोटच्या लेकरांसारखं सांभाळलं. एकेक करत अंगावरचे दागिने गेले. एकदा पोरांना घालायला घरात धान्य उरलं नव्हतं, तेव्हा त्यांनी मंगळसूत्रही दिलं. १९३० मध्ये त्या गेल्या. लावलेल्या रोपाचा वटवृक्ष झालेला त्यांना बघायला मिळाला नाही. पुढे गरजू विद्यार्थ्यांना मदत करण्यासाठी संस्थेनं त्यांच्या नावानं निधी सुरू केला.

भाऊरावांची सगळ्यात गाजलेली कल्पना म्हणजे 'कमवा आणि शिका'.

ही कल्पना नेमकी चालायची कशी? मुलानं दिवसातले काही तास काम करायचं. शेती, बागकाम, बांधकाम, स्वयंपाक, जे असेल ते. त्या बदल्यात त्याचं राहणं, जेवण आणि शिक्षण व्हायचं. साताऱ्याच्या धनिणीच्या बागेत पोरांनी स्वतः कुदळ-फावडं चालवलं. यात दोन गोष्टी साधल्या. एक म्हणजे घरून पैसे मागायची वेळ येत नव्हती. आणि दुसरी म्हणजे दुसऱ्याच्या उपकारावर शिकतोय ही बोच मनात राहत नव्हती. गरीब पोरगं अनेकदा उपाशी राहून तग धरतं, पण मिंधेपणानं खचतं. भाऊरावांनी ही नस बरोबर पकडली होती.

मग पुढचे टप्पे आले. गावोगाव शाळा काढायच्या तर शिक्षक हवेत, म्हणून १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षक घडवणारं ट्रेनिंग कॉलेज सुरू झालं. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झालं, तेही मोफत आणि निवासी. आणि १९४७ मध्ये, देश स्वतंत्र होत असतानाच, साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उभं राहिलं. त्याआधी पदवी घ्यायची तर पुणे, कोल्हापूर किंवा सांगली गाठावी लागायची. आता खेड्यातलं पोरगं राबून, खिशात दमडी नसताना पदवीधर होऊ शकत होतं.

सगळं सुरळीत मात्र नव्हतं. १९४८ मध्ये मुंबई सरकारशी खटके उडाले आणि संस्थेचं अनुदान बंद झालं. शेकडो शाळा आणि हजारो विद्यार्थी एका फटक्यात अडचणीत आले. लोकांनी वर्गण्या काढून संस्था तगवली. गाडगेबाबांनीही भाऊरावांची बाजू घेतली. अखेर अनुदान पुन्हा सुरू झालं. १९५४ मध्ये कराडला दुसरं कॉलेज निघालं, त्याला भाऊरावांनी गाडगे महाराजांचंच नाव दिलं.

या सगळ्याचं फळ काय, याचं एक उदाहरण बघा. भाऊरावांच्या बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील शिकत शिकत बॅरिस्टर झाले. पुढे ते कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि त्यांनी आपल्या गुरूचं इंग्रजीतून चरित्र लिहिलं.

१९५९ मध्ये भाऊरावांना पद्मभूषण मिळालं. त्याच वर्षी पुणे विद्यापीठानं त्यांना डी.लिट. ही सन्माननीय पदवी दिली. ज्याला वरच्या वर्गात पाठवायला शाळा तयार नव्हती, त्याच्या नावापुढं विद्यापीठानं डॉक्टर लावलं. काही दिवसांतच, ९ मे १९५९ रोजी भाऊराव गेले.

आज रयत शिक्षण संस्थेच्या चारशेहून अधिक माध्यमिक शाळा आणि चाळीसहून अधिक महाविद्यालयं आहेत. पुणे विद्यापीठात 'कमवा व शिका' योजना त्यांच्याच नावानं चालते. सकाळी विभागात फायली लावून किंवा बागेत पाणी घालून दुपारी लेक्चरला बसणारी मुलं-मुली तिथं आजही दिसतात.

विद्यार्थी कॉलेज का सोडतात, याची उत्तरं आजही बरीचशी तीच आहेत. राहायचं कुठं, खायचं काय, फी कोण भरणार आणि आपल्याला इथं कुणी आपलं मानतं का? यातल्या एकेका प्रश्नाला भाऊरावांनी वसतिगृह, मुष्टिफंड, कमवा आणि शिका आणि एक पंगत असं उत्तर दिलं होतं. पटावरचा आकडा वाढवणं सोपं असतं. त्या पटावरच्या प्रत्येक नावाला शेवटच्या परीक्षेपर्यंत पोचवायचं, तर आधी त्याच्या ताटात भाकरी आहे का हे बघावं लागतं.