क्लॉड शॅनन आणि मेंदूची दोन चित्रं

कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलेल्या कुणालाही क्लॉड शॅनन हे नाव नवं नाही. एन्ट्रॉपीचा फॉर्म्युला पाठ करायचा, पेपरात दोन गणितं सोडवायची आणि विसरून जायचं, एवढीच आपली ओळख. पण तुमच्या घरातल्या कुणाचा एमआरआय आणि पेट स्कॅन एकावर एक बसवून डॉक्टरांनी दाखवला असेल, तर त्या चित्रामागे बहुधा याच माणसाचं गणित आहे. इथे ब्लॅकटाउनमध्ये मित्रमंडळींना हे सांगितलं तर कुणाला पटेना, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

शॅनन यांचा जन्म 30 एप्रिल 1916 चा, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातला. बालपण गेलॉर्ड या छोट्या गावात गेलं. आई शाळेत मुख्याध्यापिका. पोराला जोडाजोडीचा भारी नाद. अर्ध्या मैलावरच्या मित्राच्या घरापर्यंत त्याने कुंपणाच्या काटेरी तारेवरून तारायंत्र चालवलं होतं. आपल्याकडे असता तर आधी दोन रट्टे बसले असते.

1936 मध्ये इलेक्ट्रिकल आणि गणित अशा दोन पदव्या घेऊन ते एमआयटीत गेले. तिथल्या अवाढव्य गणकयंत्राच्या रिले स्विचांवर काम करताना त्यांच्या लक्षात आलं की जॉर्ज बूलचं खरं-खोट्याचं बीजगणित आणि स्विचचं चालू-बंद ही एकच गोष्ट आहे. 1937 च्या मास्टर्सच्या प्रबंधात त्यांनी हे मांडलं, तेव्हा वय होतं 21. आपण सेकंड इयरला लॉजिक गेट शिकतो, त्याचं मूळ तिथे आहे.

1941 मध्ये ते बेल लॅब्समध्ये लागले. युद्धकाळात गुप्तलिपीवर काम केलं, 1943 मध्ये तिथे आलेल्या अॅलन ट्युरिंगसोबत चहा पीत गप्पा मारल्या. आणि 1948 मध्ये आला तो प्रसिद्ध लेख. विषय तार आणि टेलिफोनचा. माहिती म्हणजे काय, तर अनिश्चितता किती कमी झाली ते, आणि ती बिटमध्ये मोजता येते. पलीकडे जे ऐकू आलं त्यावरून अलीकडे काय बोललं गेलं याचा अंदाज किती लागतो, याचंही माप त्यात होतं. म्युच्युअल इन्फर्मेशन हे त्याचं नाव नंतरचं.

पुढे ते एमआयटीत प्राध्यापक झाले. माणूस मोठा गमत्या. चक्रव्यूहातून वाट शोधणारा यंत्राचा उंदीर त्यांनी बनवला, एकचाकी सायकल चालवली, चेंडू झेलण्याचे खेळ केले. 1985 मध्ये इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या परिषदेला ते न कळवता पोचले. लोकांनी सह्यांसाठी गराडा घातला. भाषण करताना श्रोते कंटाळतील असं वाटलं म्हणून त्यांनी खिशातून तीन चेंडू काढून झेलून दाखवले. पण याच दशकात विसरणं सुरू झालं होतं. अल्झायमर.

इकडे डॉक्टरांची अडचण वेगळीच होती. सीटीमध्ये हाड पांढरंशुभ्र दिसतं, एमआरआयमध्ये तेच काळं. पेटमध्ये तर आकारच धूसर. कुठला भाग किती साखर वापरतोय एवढंच कळतं. एकाच डोक्याची ही चित्रं एकमेकांसारखी दिसतच नाहीत, मग जुळवायची कशी? कुणी कवटीवर खुणा बसवत, कुणी हाताने ठिपके टिपत.

1995 च्या सुमारास दोन गटांनी, एक एमआयटीत पॉल व्हायोला आणि विल्यम वेल्स यांचा, दुसरा बेल्जियमच्या लूव्हेन विद्यापीठातला, स्वतंत्रपणे शॅननचं माप उचललं.

पुण्यातल्या एखाद्या सोसायटीचं उदाहरण घ्या. दूधवाल्याच्या वहीत घरोघरचं दूध, पेपरवाल्याच्या वहीत घरोघरचे पेपर. घर नंबर कुठेच नाहीत, फक्त क्रम आहे. एक वही दुसरीशेजारी सरकवत न्या. बरोबर जागी आली की मेळ दिसतो: दोन लिटरवाल्याकडे इंग्रजी पेपर, अर्ध्या लिटरवाल्याकडे मराठी. नियम उलटा असला तरी चालेल, असला म्हणजे झालं. एक घर सरकलं की सगळं विस्कटतं. कॉम्प्युटर मेंदूच्या चित्रांचं हेच करतो. मेंदू कवटीत घट्ट बसलेला, त्यामुळे सहाच आकडे शोधायचे: तीन सरकवण्याचे, तीन फिरवण्याचे. (पोटाच्या स्कॅनमध्ये श्वासागणिक सगळं हलतं, तिथे खरी कसोटी.)

सांगलीच्या माझ्या आत्याचे असे दोन स्कॅन भावाने पाठवले होते. फोनवर ती मला एकाच कॉलमध्ये चारदा विचारते, तिकडे आता किती वाजले रे. एकट्या एमआरआयवर मला काही कळलं नाही. पेटचे रंग त्यावर बसवलेलं चित्र पाहिलं तेव्हा आक्रसलेला भाग आणि थंड पडलेला भाग एकाच जागी दिसला. औषध त्यातून निघत नाही, हे खरं. पण ती मुद्दाम करते, लक्ष देत नाही, ही घरातली कुरकुर थांबली. परदेशात बसलेल्या भाच्याला तेवढंही खूप वाटतं.

आता तर अल्झायमरमध्ये साचणारं अमायलॉइडही पेटवर दिसतं. पीआयबी हे रसायन वापरून केलेला त्याबद्दलचा अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या ऑस्ट्रेलियात 2006 पासून मेलबर्न आणि पर्थमध्ये एआयबीएल हा अभ्यास सुरू झाला, त्यात साठीपुढची हजारावर माणसं सहभागी झाली. धूसर पेटमधला डाग मेंदूच्या नेमक्या कुठल्या भागात आहे हे सांगायला तो एमआरआयवरच बसवावा लागतो.

शॅनन यांना यातलं काही मिळालं नाही. व्हायोला आणि वेल्स एमआयटीत त्यांचं गणित वापरत होते, तेव्हा तिथून जवळच राहणाऱ्या शॅनन यांची स्मृती विझत चालली होती. शेवटची वर्षं मेडफर्डच्या नर्सिंग होममध्ये गेली. ऑक्टोबर 2000 मध्ये गेलॉर्डला त्यांचा पुतळा उभा राहिला. पुढच्या फेब्रुवारीत, 24 तारखेला, 84 व्या वर्षी ते गेले.