ठिणगीचा माणूस : रॉबर्ट बॉश

पावसाळ्यात ऑफ-रोडिंगला गेलेल्यांनी हे दृश्य नक्की पाहिलं असेल. जुनी पेट्रोल जीप दिमाखात ओढ्यात शिरते, पलीकडे निघते आणि मग फडफडायला लागते. एक सिलिंडर मिस, पिकअप गायब, शेवटी ठप्प! लगेच सल्ले सुरू. कोणी म्हणतं पेट्रोलमध्ये पाणी गेलं, कोणी कार्ब्युरेटर खोलायला निघतं. पण बऱ्याचदा खरा दोष ठिणगीत असतो. आणि मित्रांनो, ठिणगीचा विषय निघाला की एका माणसाची ओळख करून घ्यायलाच हवी. त्याचं नाव ड्रिल मशीनवर आपण कितीदा वाचतो, पण ते कोणाचं तरी आडनाव आहे हे लक्षातच येत नाही.

रॉबर्ट बॉशचा जन्म २३ सप्टेंबर १८६१ रोजी जर्मनीतल्या उल्म शहराजवळ आल्बेक गावी झाला. वडिलांची शेती आणि खाणावळ. बारा भावंडांत हा अकरावा. उल्मला तो सूक्ष्म यंत्रांचं काम शिकायला राहिला, पण उस्तादाने धड शिकवलं नाही. ती चीड त्याच्या मनात कायम राहिली. पुढे स्टुटगार्टच्या तांत्रिक महाविद्यालयात तो थोडेच महिने बसला. डिग्री नाहीच! १८८४ मध्ये अमेरिकेत जाऊन एडिसनच्या कारखान्यात काम केलं, मग इंग्लंडमध्ये सीमेन्सकडे. १५ नोव्हेंबर १८८६ रोजी त्याने स्टुटगार्टला स्वतःचं वर्कशॉप उघडलं. स्टाफ किती? एक मेकॅनिक आणि एक पोऱ्या. टेलिफोन बसव, विजेची घंटा दुरुस्त कर, असली किरकोळ कामं. गिऱ्हाइकांकडे तो सायकलवरून जायचा.

१८८७ मध्ये एका गिऱ्हाइकाने त्याच्याकडे मॅग्नेटो मागितला. मॅग्नेटो म्हणजे बॅटरीशिवाय, चुंबकाच्या जोरावर ठिणगी पाडणारं यंत्र. ड्यॉइट्झ कंपनीच्या इंजिनावर तसं एक होतं. बॉशने ते जाऊन पाहिलं, त्यावर पेटंट नाही याची खात्री केली आणि स्वतः सुधारून बनवलं. म्हणजे मूळ कल्पना त्याची नव्हती. पण गावोगावच्या एका जागी बसवलेल्या इंजिनांवर त्याचा मॅग्नेटो भरवशाने चालायला लागला.

मोटारगाड्यांची अडचण वेगळी होती. काही गाड्यांत सिलिंडरमधलं मिश्रण पेटवायला ज्योतीवर तापवलेली नळी असायची, म्हणजे आगीची भीती. बॅटरी असेल तर ती वाटेतच उतरायची. आणि मॅग्नेटो? तो मंद इंजिनापुरताच. १८९७ मध्ये फ्रेडरिक सिम्स या व्यावसायिकाने एक तीनचाकी आणून दिली. तिचं द दियाँ-बूताँ इंजिन फारच वेगाने फिरायचं. बॉशचा कारखानाप्रमुख आर्नोल्ड झेरिंगर याने युक्ती काढली. जड आर्मेचर हलवायच्या ऐवजी त्याच्याभोवतीची हलकी धातूची नळी हलवायची. झालं, मॅग्नेटो गाडीवर चढला!

तरीही सिलिंडरच्या आत उघडझाप करणारे संपर्क होतेच. ते झिजायचे, सारखे ॲडजस्ट करावे लागायचे. बॉशने हे काम गॉटलोब होनोल्डकडे दिलं. हा त्याच्याच वर्कशॉपमध्ये पूर्वी शिकाऊ होता, मग कॉलेज शिकून परत आलेला. १९०२ मध्ये होनोल्डचा हाय-व्होल्टेज मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीचा स्पार्क प्लग तयार झाला. आता आत हलणारं काहीच नाही. हजारो व्होल्टची वीज प्लगच्या फटीत स्वतः उडी मारते.

आणि इथेच आपली ओढ्यातली जीप येते. हजारो व्होल्टची वीज सोपी वाट शोधते. दाबलेल्या मिश्रणातून उडी मारण्यापेक्षा ओल्या, मळक्या वायरवरून बॉडीत पळणं तिला सोपं. म्हणून आधी डिस्ट्रिब्युटर कॅप काढून आतून बाहेरून कोरडी पुसा. केसासारखी चीर किंवा जळल्याची काळी रेघ दिसली तर कॅप बदला, कारण ती रेघ म्हणजे विजेची कायमची पायवाट. वायर आणि प्लगच्या टोप्या तपासा. कळत नसेल तर अंधारात इंजिन चालू करून एकेका वायरवर पाण्याचा बारीक फवारा मारा. जिथे निळी ठिणगी चमकेल तिथे गळती. हात मात्र लांब ठेवा! पण इंजिन पाण्यातच एकदम जाम झालं असेल, तर स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी सगळे प्लग काढा.

बॉशचा धंदा वाढला. १९०६ मध्ये त्याने कारखान्यात आठ तासांचा दिवस सुरू केला. लोक त्याला लाल बॉश म्हणायला लागले. १९१३ मध्ये मात्र त्याच्याकडेही संप झाला. त्याच वर्षी शिकाऊ मुलांसाठी वेगळा विभाग निघाला. उल्मच्या उस्तादाला यापेक्षा चांगलं उत्तर काय असणार? १९२१ मध्ये त्याचा मुलगा दीर्घ आजाराने गेला. १९२७ पासून त्याच्या कारखान्यात डिझेलचे इंजेक्शन पंप मोठ्या प्रमाणावर निघू लागले. डिझेलला ठिणगीच लागत नाही, त्यामुळे हवेच्या तोंडात पाणी शिरेपर्यंत ते ओढ्यात भीत नाही. ज्याने ठिणगीवर नाव कमावलं, त्यानेच ठिणगी नको असणाऱ्या इंजिनाला हात दिला!

नाझी राजवटीत त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ज्यूंना मदत केली, हिटलरविरोधी गटाला आधार दिला. पण त्याच्याच कारखान्यात युद्धाचं सामान बनत होतं आणि सक्तीने आणलेले मजूर राबत होते. चरित्र लिहिताना हेही लिहायला हवं. १२ मार्च १९४२ रोजी त्याचं निधन झालं.

१९५१ मध्ये बंगळूरला मायको ही कंपनी सुरू झाली, ती बॉशच्याच तंत्रावर. नाशिकचा मायको सर्कल आणि गॅरेजमधला मायको प्लग हा तोच धागा.

आपल्याला वाटतं, मोठं व्हायचं तर काहीतरी नवीन शोधलं पाहिजे. बॉशने मॅग्नेटो शोधला नाही, हाय-व्होल्टेजही होनोल्डचं. त्याने बघितलं ते एवढंच, की वस्तू गिऱ्हाइकाकडे रोज, न चुकता चालते का. प्रोजेक्ट फक्त एक्सटर्नलसमोर एकदा चालला म्हणजे जिंकलो असं मानणाऱ्या आपण सगळ्यांनी यावर थोडा विचार करायला काय हरकत आहे?