धातुशुद्धीचे शास्त्रज्ञ डॉ. ब्रह्मप्रकाश

भारताच्या अणुकार्यक्रमाचा विषय निघाला की डॉ. होमी भाभा यांचे आणि अवकाश कार्यक्रमाचा विषय निघाला की डॉ. विक्रम साराभाई यांचे नाव घेतले जाते. ते योग्यच आहे. मात्र अणुभट्टी असो वा अग्निबाण, दोन्हींचे भवितव्य अखेर धातूवर अवलंबून असते. या धातूंचे शास्त्र देशात रुजविणारे डॉ. ब्रह्मप्रकाश हे नाव अभ्यासकांच्या वर्तुळाबाहेर फारसे पोहोचले नाही. मराठी वाचकांना ते भेटतात ते बहुधा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या अग्निपंख या आत्मचरित्रात, तेही एक प्रेमळ वडीलधारे म्हणून. त्यांचे मूळ कार्य मात्र तुर्भे येथील अणुकेंद्रात, म्हणजे महाराष्ट्राच्या भूमीवर झाले.

ब्रह्मप्रकाश यांचा जन्म २१ ऑगस्ट १९१२ रोजी लाहोर येथे झाला. शिक्षण रसायनशास्त्राचे. डॉ. शांतिस्वरूप भटनागर यांच्या सहवासात त्यांनी भौतिक रसायनशास्त्रात संशोधन केले आणि १९४२ मध्ये पंजाब विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. त्यानंतर ते अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये गेले. पोलादाच्या भट्टीत नेमके काय घडते याचे उत्तर भौतिक रसायनशास्त्राच्या आधारे शोधणारे जॉन चिपमन त्या काळी तेथे धातुशास्त्र विभागाचे प्रमुख होते. भट्टीजवळच्या कारागिराला अनुभवाने जे कळते ते तापमान, दाब व ऊर्जा यांच्या गणिताने आधीच सांगता आले पाहिजे, हा या पंथाचा आग्रह. १९४९ मध्ये ब्रह्मप्रकाश यांनी तेथे दुसरी डॉक्टरेट संपादन केली. मधल्या काळात देशाची फाळणी झाली होती आणि त्यांचे लाहोर पाकिस्तानात गेले होते.

भाभांना त्या वेळी अशाच माणसाची गरज होती. अणुशक्ती आयोगाच्या कामात आलेले ब्रह्मप्रकाश १९५१ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत धातुशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. या पदावरील ते पहिले भारतीय होत. तेथे त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी हाती घेतलेल्या विषयांत झिर्कोनियम हा महत्त्वाचा होता.

हा धातू समजून घेतला म्हणजे ब्रह्मप्रकाश यांचे मोठेपण समजते. अणुभट्टीतील युरेनियम इंधन धातूच्या नळीत बंद करावे लागते. ही नळी उष्णता सोसणारी, पाण्याने न गंजणारी आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे न्यूट्रॉन न गिळणारी हवी. कारण न्यूट्रॉन गिळले गेले तर अणुविखंडनाची साखळीच तुटते. झिर्कोनियम या कसोट्यांना उतरतो. अडचण अशी की निसर्गात तो एकटा सापडत नाही. त्याच्या खनिजात हाफ्नियम हा धातू साधारण दोन टक्के मिसळलेला असतो, आणि हाफ्नियम झिर्कोनियमच्या कित्येक शेपट न्यूट्रॉन शोषतो. रासायनिक गुणधर्मांत मात्र हे दोघे जुळ्या भावंडांसारखे. त्यांना वेगळे करणे हे रसायनशास्त्रातील अत्यंत अवघड कामांपैकी एक मानले जाते. केरळ व तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील वाळूत झिर्कॉन हे खनिज विपुल होते, पण वाळूपासून अणुभट्टीच्या नळीपर्यंतची वाट आपल्यालाच शोधायची होती. झिर्कॉनवर क्लोरिनची प्रक्रिया कोणत्या तापमानाला किती वेगाने होते, येथपासून हा अभ्यास सुरू झाला. लाहोरला शिकलेले भौतिक रसायनशास्त्र असे कामी आले.

१९५७ मध्ये ते पुन्हा मुंबईला आले आणि तुर्भे येथील अणुऊर्जा संस्थेत धातुशास्त्राची धुरा त्यांनी सांभाळली. जानेवारी १९५९ मध्ये तुर्भ्याच्या कारखान्यात अणुभट्टीच्या दर्जाचे युरेनियम तयार झाले. अशा युरेनियममध्ये बोरॉनसारखी अशुद्धी दहा लाखांत एक भागाइतकीसुद्धा चालत नाही. १० जुलै १९६० रोजी सायरस ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. ती कॅनडाच्या साह्याने उभी राहिली होती, तरी तिच्या इंधनात तुर्भे येथे बनविलेल्या कांड्याही होत्या. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाच्या दृष्टीने ही साधी गोष्ट नव्हती.

प्रयोगशाळेतील यश कारखान्यात उतरले नाही तर त्याचा उपयोग मर्यादित राहतो. हैदराबाद येथील न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्स ही त्याचीच पुढची पायरी. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या या संकुलाच्या उभारणीचे नेतृत्व ब्रह्मप्रकाश यांनी केले. एकीकडे किनाऱ्यावरची वाळू, दुसरीकडे तयार इंधनाच्या कांड्या, असा हा पसारा. त्याचे मोल लवकरच कळले. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर कॅनडाने सहकार्य थांबविले, राजस्थानातील दुसरी अणुभट्टी भारताला स्वबळावर पूर्ण करावी लागली. नळ्यांचे व इंधनाचे तंत्र हाती नसते तर त्या वेळी काय झाले असते, याची कल्पना करता येते. महाराष्ट्राला वीज देणाऱ्या तारापूर केंद्रासाठीही पुढे याच संकुलात इंधन बनविले गेले.

साठीच्या उंबरठ्यावर त्यांच्यापुढे वेगळेच काम आले. डिसेंबर १९७१ मध्ये साराभाईंचे आकस्मिक निधन झाले. तिरुअनंतपुरम परिसरातील निरनिराळ्या अवकाश संस्था एकत्र करून विक्रम साराभाई अवकाश केंद्र स्थापन करण्यात आले आणि १९७२ मध्ये ब्रह्मप्रकाश त्याचे पहिले संचालक झाले. स्वतंत्र वृत्तीच्या तज्ज्ञांना एका छत्राखाली आणणे हे धातू शुद्ध करण्याइतकेच नाजूक काम होते. एसएलव्ही-३ या प्रक्षेपकाची जबाबदारी तेव्हा कलामांवर होती. नम्रतेचा धडा आपण या संचालकांकडून घेतला, अशी कबुली कलामांनी दिली आहे. १९७९ मध्ये केंद्राचे संचालकपद डॉ. वसंत गोवारीकर या मराठी शास्त्रज्ञाकडे आले.

१० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ चे पहिले उड्डाण फसले. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रणात बिघाड होऊन ३१७ सेकंदांत सारे समुद्रात गेले. अनेक रात्रींच्या जागरणाने थकलेले कलाम खोलीवर जाऊन झोपी गेले. ब्रह्मप्रकाश दोनदा दारापर्यंत आले आणि झोपमोड नको म्हणून परत गेले. दुपार उलटून गेली तरी त्यांनी स्वतःही जेवण केले नव्हते. जेवायचे ते कलामांसोबतच, असे त्यांनी ठरविले होते. १८ जुलै १९८० रोजी याच प्रक्षेपकाने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला.

पद्मश्री (१९६१), भटनागर पुरस्कार (१९६३) आणि पद्मभूषण (१९६८) हे सन्मान त्यांना लाभले. शांतिस्वरूप भटनागर यांच्या हाताखाली घडलेल्या शिष्याला त्यांच्याच नावाचा पुरस्कार मिळावा, हा योगायोग सुंदर म्हणावा लागेल. ३ जानेवारी १९८४ रोजी त्यांचे निधन झाले. भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीने पुढे त्यांच्या स्मृत्यर्थ पदक सुरू केले.